आमच्या मशीनचे एडीसाहेब

क्वालिटीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से का साठतात, सांगू? आमच्याकडे चांगला पीस आला की तो पुढे जातो, गाडीत बसतो आणि विसरला जातो. बिघडलेला पीस मात्र लाल ट्रेमध्ये मुक्काम ठोकतो. त्याच्याभोवती चार माणसं जमतात, भांडतात, चहा पितात आणि पुन्हा भांडतात. सोळा वर्षं असल्या लाल ट्रेभोवती उभं राहिल्यावर माझ्याकडे किस्से साठणार नाहीत तर काय साठणार!

आमची कंपनी चाकण एमआयडीसीत. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसणारा वीतभर लांबीचा शाफ्ट आम्ही बनवतो. हा शाफ्ट तुटला तर चालवणारा स्टिअरिंग फिरवत राहील आणि गाडी सरळ जाईल, एवढं सांगितलं की पुरे. म्हणून प्रत्येक पिसाला कुठे केसाएवढा तडा गेलाय का, हे बघायला एक मशीन आहे. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'एडी करंट टेस्टर'.

त्या मशीनवर बावीस वर्षं बसलेत आमचे शांताराम नाना. दहावी नापास, भामा नदीकाठच्या गावचे, आता मोशीत मुलाकडे राहतात. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत. कागदावर मी त्यांची साहेब आहे, इंजिनिअर. पण मशीन रुसलं की मीच त्यांच्याकडे धावते, हे सगळ्या शॉपला माहीत आहे.

*

नानांची रोजची एक रीत आहे. शिफ्ट सुरू झाली की आधी कप्प्याचं कुलूप उघडायचं. आतून एक मखमली डबी काढायची, सोनाराकडे नथ ठेवायला असते तशी, फक्त लांबोडी. आणि त्या डबीत असतो एक फुटका शाफ्ट! आम्ही त्याला 'मास्टर' म्हणतो. त्याच्यावर मुद्दाम एक बारीक चीर पाडलेली असते. सकाळी सगळ्यात आधी तो मशीनवर फिरवायचा. पडद्यावरचं हिरवं टिंब टुणकन उडालं, म्हणजे मशीन जागं आहे. मगच बाकीचे पीस घ्यायचे. चांगल्या पिसाला टिंब जागच्या जागी किंचित थरथरतं, एवढंच.

आमचे क्वालिटी हेड कामतसाहेब नवीन होते तेव्हाची गोष्ट. आल्या आल्या त्यांनी साफसफाईची मोहीम काढली. कामाच्या जागी नको ती वस्तू दिसता कामा नये! फिरत फिरत ते नानांच्या मशीनपाशी आले. नाना नेमके हात धुवायला गेलेले, डबी उघडी.

"लाखो चांगले पीस लोखंडी ट्रेमध्ये आणि फुटका पीस मखमलीत?" साहेब कडाडले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मास्टर उचलून स्क्रॅपच्या पिंपात टाकला.

नाना परत आले, त्यांनी रिकामी डबी बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. मास्टर नाही म्हणजे मशीन बंद. मशीन बंद म्हणजे लाईन बंद. आणि त्या पिंपात शेकडो फुटके पीस! त्यातला आपला फुटका कुठला? त्याच्यावर कोरलेला नंबर वाचायचा, हाच एक उपाय. तीन तास आम्ही सगळे पिंपाभोवती उकिडवे बसून एकेक पीस पुसत होतो. कामतसाहेबसुद्धा टाय खिशात कोंबून आमच्यात बसले. शेवटी नानांनाच तो सापडला.

साहेब घाम पुसत म्हणाले, "नाना, एका फुटक्या पिसासाठी एवढं?"

नाना म्हणाले, "साहेब, गावात एक नामी खोटारडा लागतोच. त्यो बोलला आन् आपल्याला खोटं कळलं, म्हंजी आपलं कान शाबूत हायेत!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या कप्प्यासाठी स्वतः नवीन कुलूप आणलं.

*

आता एडीसाहेब.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. त्या दिवशी मी नानांच्या मशीनपाशी गेले तर तिथे फ्रेममध्ये एक फोटो. गोरा माणूस, पांढरी शुभ्र दाढी, निळा कोट, गालात हसतोय. कपाळावर कुंकू, गळ्यात हार. आणि खाली मराठीत छापलेलं, 'कै. एडीसाहेब'.

"साळुंखे!" मी हाक मारली. साळुंखे म्हणजे आमचे शिफ्ट सुपरवायझर, लातूरकडचे. असल्या कल्पना त्यांनाच सुचतात. "हे कोण?"

"एडीसाहेब, मॅडम. ह्या मशीनचे!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? असं काय करलालाव मॅडम! व्होल्ट हा माणूस होता, हे तुम्हीच ट्रेनिंगला शिकवलं. ॲम्पिअर माणूस, हर्ट्झ माणूस. आवो, डिझेलसुद्धा माणूस निघाला! मंग एडी काय झाड हाय का?"

कान धरून कबूल करते, मलासुद्धा माहीत नव्हतं! फर्स्ट क्लासची इंजिनिअर मी. दिवसातून पन्नास वेळा 'एडी करंट' म्हणते. पण एडी कोण, हे कधी विचारलंच नव्हतं. माझ्याही डोक्यात कुठेतरी एक म्हातारा इंग्रज बसलेला होताच, फक्त त्याला दाढी नव्हती.

दोन दिवसांनी फोटोचं मूळ कळलं. साळुंख्यांनी मोबाईलवर 'एडी' आणि 'म्हातारा शास्त्रज्ञ' असं शोधलं होतं. त्यात जो पहिला बरा दिसला तो त्यांनी छापून आणला. तोच फोटो आमच्या पॅकिंगच्या एकानं भोसरीतल्या एका सलूनच्या काचेवर पाहिला. दाढीच्या तेलाची जाहिरात! म्हणजे ज्याला आम्ही कैलासवासी करून टाकलं, तो बिचारा कुठेतरी दाढीला तेल लावत ठणठणीत असणार.

मी म्हटलं, काढा तो फोटो आधी. तर नाना मध्ये पडले. "मॅडम, हार घातलाय, नारळ फोडलाय. आता घरी आल्याला असं उठवत न्हाईत."

फोटो राहिला.

*

दसऱ्याला आठ दिवस झाले नाहीत तोच पत्र आलं. ज्यांना आम्ही शाफ्ट पुरवतो त्या कंपनीचा नवा नियम! दिवाळीनंतर त्यांचा ऑडिटर येणार. जो माणूस तपासणीच्या मशीनवर बसतो त्यानं स्वतः सांगायचं, की हे मशीन काय करतं, याला काय सापडतं आणि काय सापडत नाही. नाही सांगता आलं तर त्याला मशीनवरून उठवायचं.

कामतसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "नानांना नाही जमलं तर पॅकिंगला पाठवावं लागेल. माझ्या हातात काही नाही हो."

हे नानांना सांगायचं माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं, फडक्यानं मशीनचा पडदा पुसला. मग म्हणाले, "पॅकिंगची लाज न्हाई मला, मॅडम. खोकी बी कुनीतरी बांधायलाच लागत्यात. पर बावीस वर्सं जे केलं ते ह्याला कळतच न्हवतं, असं कागदावर येनार. ते लई लागंल."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हट्टच धरला मग मी, की काही झालं तरी नानांना पास करायचं! पुस्तकातून इंग्रजी व्याख्या उतरवली, देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना दिली. दिघीहून निघालेल्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये नाना मोशीला चढतात. तिथून चाकणच्या चौकापर्यंत ट्रॅफिकच्या कृपेनं भरपूर वेळ. रोज मी त्यांच्या शेजारी बसायची आणि म्हणून घ्यायची.

"एडी करंट्स आर लूप्स ऑफ..." इथपर्यंत नाना यायचे आणि थांबायचे. लूप्सच्या पुढे गाडी जायचीच नाही. तीन आठवडे झाले! माणसाला रोजची दोन हजार वेळची हालचाल पाठ आहे आणि ही दीड ओळ चढत नाही. मी चिडायची, नाना ओशाळायचे.

एक दिवस नाना असेच लूप्सपाशी अडकले. आणि पुढून, रस्त्यावरची नजर न काढता, आमच्या ड्रायव्हरनं पुढची सगळी व्याख्या घडाघडा म्हणून टाकली! 'इलेक्ट्रिकल'पासून 'मॅग्नेटिक फील्ड'पर्यंत, एक चूक नाही, मध्ये दोनदा गिअरसुद्धा बदलला. सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या.

"मॅडम, ह्यालाच बसवा मशीनवर," नाना म्हणाले. "गाडी मी हाकतो!"

*

पाठांतरानं होणार नाही, हे मला तेव्हा कळलं. या शब्दाच्या मुळाशी काय आहे ते तरी बघावं म्हणून मी बाबांना विचारलं. माझे बाबा इंग्रजीचे शिक्षक होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, दिघीत आमच्याकडेच असतात. त्यांच्याजवळ खाकी कव्हर घातलेले तीन जाडजूड शब्दकोश आहेत. ते तिन्ही त्यांनी पलंगाशेजारीच ठेवलेत.

"चार दिवस दे," बाबा म्हणाले.

"बाबा, मोबाईलवर दोन मिनिटांत मिळेल."

"मग मला कशाला विचारलंस?"

झालं! मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

चौथ्या दिवशी आमची मीटिंग चालू होती. कामतसाहेब, मेंटेनन्सवाले, सगळे बसलेले. बाबांचा फोन आला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा काळजीनं घेतला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर गावभर ऐकू जाईल असं बोलतात.

"सापडला!" बाबा ओरडले.

"कोण बाबा?"

"तुझा एडी! अगं माणूस नाही तो, पाणी आहे! पाणी!"

कामतसाहेब ताडकन उठले. "पाणी? कुठे शिरलं पाणी?" मेंटेनन्सवाला तोवर दारापर्यंत पोचलासुद्धा!

संध्याकाळी घरी गेले तर बाबा तिन्ही कोश उघडून बसलेले. मला चपला काढू दिल्या नाहीत. "हे बघ. एडी म्हणजे वाहत्या पाण्यातला भोवरा. शब्द स्कॉटलंडकडून इंग्रजीत आलाय. आणि त्याच्याही आधी उत्तरेकडच्या समुद्रावर हिंडणाऱ्या लोकांच्या जुन्या भाषेतून. मुळाशी एक चिमुकला शब्द आहे, त्याचा अर्थ 'मागं', 'परत'. एडी म्हणजे मागं फिरलेलं पाणी!" मग त्यांनी बोट वर केलं. "कोशात 'बहुधा' लिहिलंय हं. ते विसरू नकोस, त्यांनी शपथ घेतलेली नाही."

"आणि करंट?"

"तो लॅटिनमधला, पळण्यावरून आलेला. तोही वीज सापडायच्या कितीतरी आधी पाण्याला लावलेला. म्हणजे बघ, एक शब्द पुढे पळणारा, एक मागं वळणारा, दोन्ही पाण्याचे! पुढे केव्हातरी शास्त्रज्ञांना कळलं, की लोखंडाच्या अंगात वीज अशी गोल गोल फिरते. आता डोळ्यांना तर काही दिसत नाही. नाव कुठून आणायचं? गेले बिचारे नदीवर! ज्या नावाड्यांनी, कोळ्यांनी तो शब्द केला त्यांनी कधी विजेचा दिवासुद्धा पाहिला नव्हता. त्यांचा शब्द आज तुझ्या चाकणच्या मशीनवर लिहिलाय."

बाबांनी तिन्ही कोश मिटले. आणि माझ्या अंगावर, खरं सांगते, सरसरून काटा आला. सोळा वर्षं मी ज्याला म्हातारा इंग्रज समजत होते ती एक नदी होती! मी चपला घालूनच तिथे पलंगावर बसले.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पळत नानांकडे गेले. म्हटलं, आता नाना तोंडात बोट घालणार! सगळं सांगितलं. एडी म्हणजे भोवरा, करंट म्हणजे वाहणं, समुद्र, नावाडी, सगळं.

नाना शांतपणे भाकरी मोडत होते. "मंग? दुसरं काय असनार?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नाव न्हवतं ठावं. पर हितं पानीच फिरतंय, हे पयल्या दिवशीच कळलं की."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कंदी इचारलंच न्हाई, मॅडम. तुमी इंग्रजी पाठ करून घेत व्हता."

घ्या! मी खाली पायरीवर बसले. मग नाना बोलायला लागले, आणि मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भामेला पूर आला की त्यांचे वडील सांगडीवरून माणसं पैलतीरी न्यायचे. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे बांधून केलेला तराफा. नाना आणि त्यांचे थोरले भाऊ दत्तू, दोघं पोरवयापासून बापाबरोबर पाण्यात. बापानं शिकवलं ते एवढंच. पाणी सरळ पळतंय तोवर पळू द्यावं. जिथं ते मागं वळतंय, भोवरा घेतंय, तिथं खाली खडक आहे. खडक आपल्याला दिसत नाही, पण पाण्याला ठाऊक असतो. पाण्याला वळसा घ्यावा लागतो ना!

"बावीस वर्सांमागं ह्या मशीनवर बसलो," नाना म्हणाले. "तवाच्या साहेबांनी फुटका पीस फिरवला, टिंब उडालं. म्या म्हनलं, ही तर आपलीच नदी हाय. तडा म्हंजी खडक. वीज वळसा घ्याया लागली की टिंबाला कळतंय. बास."

चार वर्षं कॉलेजात घालवून मला जे फळ्यावरच्या गणितात समजलं होतं, आणि तेही अर्धंमुर्धं, ते या माणसाला पहिल्या दिवशी एका टिंबावरून समजलं होतं. आणि मी त्यांना 'लूप्स' म्हणायला लावत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नानांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. मग म्हणाले, "पर ताई, पानी समदं सांगत न्हाई."

मला ते एरवी मॅडम म्हणतात. ताई पहिल्यांदाच म्हणाले.

"दत्तूदादा माझ्यापरीस चांगला पवनारा. भर पुरात गेला न्हाई त्यो. उन्हाळा व्हता, पूर न्हाई, काय न्हाई. डोहात उतरला. वर एक बी भोवरा न्हवता. आन् खाली, पार तळाला, वाहून आल्याली बाभळ पडल्याली. त्यात अडकला. म्या काठावर बसून बगत व्हतो. पानी लई गप व्हतं." त्यांनी डबा मिटला. "तवापासनं भोवऱ्याला मी भीत न्हाई. गप पान्याला भितो."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि नाना उठून मशीनवर गेले.

*

ऑडिटरसाहेब आले. दक्षिणेकडचे, सडपातळ, चष्मा, अगदी हळू आवाजात बोलणारे. असले लोक फार डेंजर असतात! त्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे मध्ये मी दुभाषी.

मशीनपाशी आल्या आल्या त्यांची नजर फोटोवर गेली. हार ताजा होता. "हे कोण गृहस्थ?"

कामतसाहेब पांढरे पडले. मी खाली बघितलं. साळुंखे छाती पुढे काढून इंग्रजीत म्हणाले, "फाउंडर, सर!"

ऑडिटरसाहेबांनी बूट जरा मागे घेऊन दाढीच्या तेलाला मनोभावे नमस्कार केला.

मग खुर्ची ओढून बसले, फॉर्म काढला, नानांना विचारलं, "या मशीनमध्ये काय होतं, सांगा."

नाना शाळेत उभं राहावं तसे हात मागे घेऊन उभे राहिले. "एडी करंट्स आर लूप्स ऑफ..." आणि थांबले. सगळा शॉप थांबल्यासारखा वाटला मला. मागे साळुंख्यांचे ओठ हलत होते, बसमध्ये त्यांचंही पाठ झालेलं! नानांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला. पेन फॉर्मवर टेकलं होतं.

माझ्याच्यानं राहवेना. "नाना, भामेचं सांगा," मी म्हटलं.

नानांनी हात पुढे घेतले. मग सांगितलं. पूर, सांगड, खडक, मागं वळणारं पाणी, आणि ते लोखंडात कसं वळतं तेही, शाफ्टवर बोट फिरवून. मी इंग्रजीत सांगत गेले. ऑडिटरसाहेब लिहायचे थांबले आणि ऐकत राहिले.

"आणि या मशीनला काय सापडत नाही?"

हा प्रश्न वाईट. भले भले इंजिनिअर इथे म्हणतात, आमच्या मशीनला सगळं सापडतं, आणि तिथेच नापास होतात. कारण विजेचे हे भोवरे लोखंडाच्या कातडीलगतच फिरतात. पोटात खोल काही असेल तर मशीनला पत्ताही लागत नाही.

नाना म्हणाले, "खोलचं न्हाई सांगत, साहेब. वरवरचं सांगतं. तळाला काय असलं तर वर पानी गप ऱ्हातं."

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ते कुठून आलंय हे तिथे मला एकटीला माहीत होतं. ऑडिटरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दोन्ही चौकटींत बरोबरची खूण केली. कामतसाहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या हातातले कागद हलले.

पण तिसरी चौकट राहिली होती. साहेबांनी बॅगेतून स्वतःचे दहा शाफ्ट काढले, एक ते दहा नंबर घातलेले. आणि एक बंद पाकीट. "उत्तर यात आहे. तपासा. खराब पीस पास केला तर नापास. आणि चांगला पीस खराब म्हणालात तरी नापास."

नानांनी कप्पा उघडला, मखमलीतून मास्टर काढला, फिरवला. टिंब उडालं. मास्टर परत डबीत ठेवला. मग एक, दोन, तीन. चार नंबरला टिंब टुणकन उडालं. चार लाल ट्रेमध्ये. पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. टिंब उडालं नाही. एक खराब, नऊ चांगले! साळुंख्यांनी मला हळूच अंगठा दाखवला.

नानांनी मात्र सात नंबर पुन्हा उचलला. पुन्हा फिरवला. टिंब जागच्या जागी. तिसऱ्यांदा फिरवला, अगदी सावकाश. मी स्वतः पडद्याला नाक लावून बघत होते. देवाशपथ सांगते, काही नाही! मला तरी ते बाकीच्यांसारखंच दिसलं.

नानांनी सात नंबर लाल ट्रेमध्ये ठेवला.

"नाना, काय करताय!" कामतसाहेब कुजबुजले. "मशीन ओके म्हणतंय!"

ऑडिटरसाहेबांनी मला विचारायला सांगितलं, "नक्की?"

"व्हय," नाना म्हणाले.

एका पिसानं बावीस वर्षं जाणार होती. साहेबांनी पाकीट फोडलं, आतला कागद उलगडून टेबलावर ठेवला. कागदावर दोन आकडे होते. चार आणि सात. सातच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तडा खोल आत आहे. हा या मशीनला दिसणार नाही. सुटला तरी चूक धरू नये.'

साहेबांनी आधी तिसऱ्या चौकटीत खूण केली, सही केली, पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाले, "यांना विचारा, कसं कळलं?"

मी विचारलं. नाना कप्प्याला कुलूप लावत होते.

"बाकीचे नऊ जन थोडं तरी बोलत व्हते, साहेब," नाना म्हणाले. "ह्योच लई गप व्हता."

आणि एडीसाहेबांच्या फोटोला हात लावून ते चहाला गेले.